बीपी मशीन चांगलं आहे, पण त्या चिकटपट्टीचं काय? (अकरा महिन्यांचा अनुभव)

आधीच सांगते, मशीन बंद पडलेलं नाही. मागच्या आठवड्यात सेवा केंद्राच्या माणसाशी तिसऱ्यांदा वाजलं, म्हणून लिहायला बसले. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन आहे, चार पेन्सिल सेलवर चालतं, दोन माणसांची मेमरी आहे. बाकीचं डब्यावर छापलेलं असतं आणि ते तुम्ही वाचलेलं असणार. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा नावावरच होते आणि माझा मुद्दा राहून जातो.

मुद्दा चिकटपट्टीचा आहे, म्हणजे दंडाचा पट्टा बंद करायच्या वेल्क्रोचा.

मशीन घेतलं २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्या झाल्या, २,१५० रुपयांना. अडॅप्टरचे ४४९ वेगळे मोजले, आणि ते का मोजले याचा पश्चात्ताप पुढे येईलच. आत्यांना (माझ्या सासूबाई) उठता-बसता गरगरायचं. डॉक्टर म्हणाले, घरी रोज बीपी मोजून वहीत लिहा. आमचा सात बायकांचा एक क्रोशाचा ग्रुप आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाला, उदगीर ते परंडा अशा विखुरलेल्या आहोत, आजवर एकमेकींना समोरासमोर पाहिलेलं नाही. सुरुवातीला रुमाल आणि तोरणांचे फोटो यायचे. आता सकाळी सातला सगळ्यांच्या घरचे बीपीचे आकडे येतात, गुड मॉर्निंगची फुलं कुणी टाकत नाही. हे मॉडेल उदगीरच्या मॅडमनी सुचवलं. त्या निवृत्त नर्स आहेत. मनगटावरचं घेऊ नका, दंडाचंच घ्या, असं त्यांनी बजावलं होतं.

आमचं घर मानवतचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नोव्हेंबरात घरात माणसं कमी आणि कापूस जास्त असतो. त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता आणि व्यापारी त्याच्या खालीच मागत होता. तेव्हा भाव येईपर्यंत ठेवू म्हणून समोरची खोली छतापर्यंत भरली. आत्यांची बाज त्याच खोलीच्या दारात. अंगाला खाज सुटते, खोकला येतो, पण जागा सोडायला तयार नाहीत. "माझ्या डोळ्यासमोर असू दे," म्हणतात.

आता चिकटपट्टी कशी असते ते आठवा. एक बाजू मऊ, एक काटेरी. त्या काटेरी बाजूत कापसाचा तंतू अडकला की निघत नाही. पहिल्याच महिन्यात ती पट्टी पांढरी झाली. दुसऱ्या महिन्यात कफ (दंडाला बांधायचा, हवा भरणारा पट्टा) फुगला की पट्टी निम्म्यात सुटायची. चर्रर्र आवाज, आत्या दचकणार, मशीन एरर दाखवणार, मी परत बांधणार. रोज सकाळी तीन-तीन वेळा! एकदा तर एकशेऐंशीपर्यंत हवा भरली आणि पट्टी अशी सुटली की आत्या म्हणाल्या, "बंद कर ते, माझा हात फुटायलाय."

दोन हजाराची वस्तू आणि त्यात दहा रुपयांची पट्टी. मी लई चिडले होते. त्यात आकडे उड्या मारायचे, आत्ता १६८, दहा मिनिटांनी १४२. डिसेंबरात ग्रुपवर लिहिलं होतं की मशीन भंगार आहे, घेऊ नका.

ते वाक्य मी इथे मागे घेते, अर्धं.

उदगीरच्या मॅडमनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि म्हणाल्या, तुम्ही काही बोलू नका, रोजच्यासारखं मोजा फक्त. मी मोजलं. मग त्यांनी मला धुऊन काढलं. आत्या खाली मांडी घालून बसलेल्या, पाठीला टेका नाही. हात अधांतरी. चोळीची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली. नुकताच चहा झालेला. आणि मशीन चालू असताना आमचं दोघींचं बोलणं चालूच, कारण शेजारणीची सून माहेरी गेली होती आणि विषय महत्त्वाचा होता. एवढं सगळं असल्यावर आकडा वर जाणारच, त्या म्हणाल्या. चहानंतर अर्धा तास थांबायचं. आधी लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं उगी बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. कफची खालची कड कोपराच्या वर दोन बोटं, आणि दंडावर बाही आवळलेली नको. दोनदा मोजायचं, मध्ये एखादा मिनिट सोडून, आणि दोन्ही आकडे लिहायचे. चांगला दिसतो तो एकच लिहायचा नाही. (हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.)

तसं केल्यावर आकडे जागेवर आले. जानेवारीत मशीन पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या यंत्रावर १४६/८४ आणि आमच्यावर १५०/८६. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक चालतो. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सारखं राहिलं तर मला सांगा, एका दिवसाच्या आकड्यावर धावत येऊ नका. म्हणजे मोजण्यात मशीन खरं निघालं, खोट आमच्या बसण्यात होती.

पण चिकटपट्टी सुटली नाही, म्हणजे माझ्या डोक्यातून सुटली नाही. कारण मॅडमनीच सांगितलं, कफ सैल बसला तरी आकडा जास्त येतो. मग सांगा, पट्टी धरत नसेल तर तो निव्वळ सोयीचा प्रश्न राहिला का? उपाय ग्रुपमधल्या अंबडच्या काकूंनी काढला: बारीक क्रोशाची सुई घ्यायची आणि काट्यांमधून एकेक तंतू उपसायचा. तुम्ही हसाल, पण दर रविवारी दुपारी मी तेच करते. अर्धा तास लागतो. पहिल्या वेळी निघालेल्या रुईची वात झाली असती.

उन्हाळ्यात या मशीननं खरी किंमत वसूल केली. एप्रिलात पारा बेचाळिसावर होता आणि आत्यांचे आकडे खाली यायला लागले. १२०, मग ११४, एक दिवस १०८/६४, आणि बाजेवरून उठताना तोल गेला. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि गोळी अर्धी केली. उन्हाळ्यात बीपी उतरतं, थंडीत चढतं, त्यात लघवीची गोळी आणि घाम, असं त्यांनी समजावलं. वही नसती तर चक्कर आली म्हणून आम्ही बीपी वाढलं समजलो असतो. इकडे अंबडच्या काकूंनी चांगला आकडा बघून स्वतःच गोळी बंद केली, कुणाला न विचारता. आठ दिवसांत १७० वर. मॅडमचं वाक्य ग्रुपवर अजून पिन करून ठेवलंय: "आकडा गोळीमुळं चांगला हाय बाई, गोळी सोडली की त्योबी सोडून जातो."

आता वीज. २०२५ चा मे आठवतो ना? पाऊस केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मेलाच येऊन बसला, पण आमच्याकडे त्याआधीपासूनच रोज संध्याकाळी वारं-वावधान. त्या दिवशी चारलाच अंधारून आलं. मोबाइलवर दामिनी ॲप आहे, पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं, जवळपास वीज पडायची शक्यता असली की दाखवतं. त्याचा चटकन इशारा आला. मी कपडे काढले, वासरू आत घेतलं, टीव्हीची पिन काढली. अडॅप्टर फ्रिजच्या मागे होता, तो विसरले. डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) वीज पडली. खोलीत निळा उजेड, आणि वायर जळाल्याचा वास. वायफायचा डबा गेला, अडॅप्टर गेला. शेजाऱ्यांच्या गोठ्याचे पत्रे आमच्या लिंबावर अडकलेले.

आत्या थरथरत होत्या. मी मशीनमधून सेल काढूनच टाकले होते (अडॅप्टर आहे ना, मग सेल कशाला वाया घालवायचे, हा माझा हिशोब). घड्याळातला एक, रिमोटचे दोन आणि टॉर्चमधला एक असे चार गोळा केले. मशीन चालू झालं! आकडा १७८. ग्रुपवर टाकलं. तिकडून नांदेडच्या ताईचं आलं, "आमच्याकडंबी लाईट गेली, गारा पडायल्यात." परंड्याच्या वहिनीचं आलं, "आभाळ फुटलंय नुसतं." आणि मॅडमचं, "घाबरलेल्या माणसाचा आकडा धरायचा नाही. पाणी पाजा, हात धरून बसा, अर्ध्या तासानं घ्या." अर्ध्या तासानं १५२. लाईट एकोणीस तासांनी आली. तोवर सात घरचं बोलणं चालू होतं. कुणाच्या दम्याच्या पंपाचं, कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाची तारीख, कुणाच्या नवऱ्याचा शेतातून फोन लागत नव्हता, तो लागला. मोबाइल सहा टक्क्यांवर आल्यावर मी गप्प झाले.

अडॅप्टरसाठी सेवा केंद्राला फोन केला. वीज पडून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले. कागदावर बारीक अक्षरात ते होतंच, मी मान्य केलं. नवा परत ४४९ ला. मी म्हटलं, राहू द्या. चार सेल दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे सहा व्होल्टच लागतात. बाजारात दीडशेला सहा व्होल्टचा मिळतो. पण पिनमध्ये आत प्लस की मायनस ते बघून घ्या. आमच्या मशीनला आत मायनस आहे, आणि दुकानदारानं पहिल्यांदा उलटा काढून दिला होता. नशीब, तिथंच विचारलं. पुढे तोही घेतला नाही. चार चांगले सेल तीन महिन्यांच्या वर चालतात, दिवसातून दोनदा मोजूनसुद्धा. अडॅप्टर घेऊच नका, हा माझा सल्ला.

खरं भांडण कफवरून झालं. सुईनं किती उपसणार, काटेच झिजले. वॉरंटीत बदलून द्या म्हटलं, तर कफ हा झिजणारा भाग आहे, नवा ८९९ ला. मशीन २,१५० चं आणि फडकं ८९९ चं! फोटो पाठवा म्हणाले, पाठवला. व्हिडिओ पाठवा, पाठवला. मग तिसऱ्या फोनवर तो मुलगा अगदी सभ्यपणे म्हणतो, "मॅडम, प्रॉडक्ट कापसाजवळ वापरू नका." मानवतमध्ये राहून! मी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय? तो म्हणाला, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, मग मीही कापूस कुठं ठेवते ते सांगत नाही, आणि फोन ठेवला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, हे नंतर वाटलं.

बसस्टँडजवळ चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांनी जुनी काटेरी पट्टी उसवून नवी शिवून दिली, चाळीस रुपयांत. टाका फक्त टोकाच्या फडक्यावर घातला, कारण आतल्या रबरी पिशवीला सुई लागली तर कफ संपला. मूळ पट्टीपेक्षा चांगली धरते. कंपनीला फोटो पाठवलाय, उत्तर नाही.

सप्टेंबरचं लिहू की नको, असं झालंय. सीना नदी फुगली तेव्हा परंड्याच्या वहिनीचा सकाळचा आकडा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टीव्हीवर त्याच तालुक्यातून माणसं हेलिकॉप्टरनं काढायले दाखवत होते. इकडे जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, गोदावरीकाठची आमची माणसं सामान माळ्यावर टाकत होती, आणि तरी ग्रुपवर सगळ्या एकच विचारायल्या, वहिनीचं काही कळलं का. तिसऱ्या दिवशी दिराच्या मोबाइलवरून तिचा आवाज आला. सगळी सुखरूप. दोन म्हशी गेल्या. मग जरा थांबून म्हणाली, "आकडा नाही बरं का आज, मशीन गेलं वाहून."

आम्ही सहा जणींनी पैसे काढून तिला नवं पाठवलं. कोणतं घ्यायचं यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि हेच मॉडेल ठरलं. सगळ्यात आधी पैसे मी भरले, हे इथे कबूल करते. सोबत एक बारीक क्रोशाची सुई टाकली आणि पुठ्ठ्याच्या आत लिहिलं: अडॅप्टर मागवू नको.

म्हणून पाचपैकी चार. एक चिकटपट्टीचा कापला, तो परत देणार नाही.

परवा पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला. यंदा, २०२५ च्या हंगामाला, हमीभाव ८,११० ठरला, पण बोंडं झाडावरच भिजून काळी पडली. दरवर्षी खोली भरायची, यंदा एका कोपऱ्यात बसला. आत्या दारातल्या बाजेवरून बघत होत्या. मी खुर्ची आणली, त्यांना टेकून बसवलं, पाच मिनिटं थांबले, कफ बांधला. १३८/८२. पट्टीवर एकही तंतू नव्हता.