आउट ऑफ द पार्क बेसबॉल : बेंच स्वस्तात कसं भरायचं ते शिकवणारा गेम

२०१७च्या आयपीएल लिलावात पुण्याच्या संघाने बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले. त्याच लिलावात इम्रान ताहिरवर कोणी बोलीच लावली नाही. नंतर मिचेल मार्श जखमी झाल्यावर पुण्याने ताहिरला बदली म्हणून घेतलं आणि त्या हंगामात त्याने १८ बळी काढले. स्टोक्सवर गावभर गप्पा झाल्या, पण संघबांधणीची खरी गंमत ताहिरच्या सौद्यात होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा गेम घ्यावा. बाकीच्यांना तो हिशोबाच्या वहीसारखा दिसेल आणि त्यात त्यांची चूक नाही.

हा संगणकावरचा बेसबॉल संघ चालवण्याचा गेम आहे, यात बॅट फिरवायची नसते. सगळा खेळ तक्ते, करार आणि याद्यांवर चालतो. त्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ऑफिसकामाचा साधा लॅपटॉप पुरतो. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात.

आधी बेंचचं, म्हणजे राखीव खेळाडूंचं गणित. क्रिकेटमधला बारावा गडी पाणी देतो, क्षेत्ररक्षण करतो आणि परत जाऊन बसतो. बेसबॉलमध्ये ज्याला बाहेर काढलं तो त्या सामन्यात पुन्हा येत नाही, म्हणून प्रत्येक बदली जपून वापरावी लागते. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची लीग, तिचा संघ २६ जणांचा, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. उरले १३. डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) धरून नऊ जण खेळतात, म्हणजे बेंचवर जेमतेम चार. त्यातली एक जागा दुसऱ्या कॅचरची, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूची, तिथे तडजोड नाही. दुसरी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) जागा, खेळू शकणाऱ्याची, कारण शॉर्टस्टॉप जमणारा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या बेसवरही निभावतो. उलटं क्वचितच होतं. तिसरी सेंटर फील्ड, म्हणजे मैदानाच्या मागचा मधला भाग, सांभाळणाऱ्या आउटफिल्डरची (लांबच्या क्षेत्ररक्षकाची). चौथ्या जागेवर डावखुऱ्या किंवा उजव्या, अशा एका हाताच्या पिचरला झोडणारा फलंदाज.

या चार जागांवर पैसा ओतणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. २०२५मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. बेंचचा माणूस शक्यतो त्याच्या आसपासच मिळायला हवा, आणि तसे खेळाडू परदेशी लीगमध्ये सापडतात.

परदेशी म्हटलं की नवखे लोक थेट सोळा वर्षांच्या पोरांकडे धावतात. पुढे नामवंत झालेल्या होजे अल्तुवेला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने २००७मध्ये १५ हजार डॉलरला घेतलं होतं, हे खरं. पण तो लांबचा पल्ला आहे. १५ जानेवारीला ही खरेदी खुली होते, रकमेला संघनिहाय कमाल मर्यादा असते, आणि मुलगा वर यायला पाच-सहा हंगाम सहज जातात. या वर्षीच्या बेंचला त्याचा उपयोग शून्य.

उपयोग होतो तो तयार खेळाडूंचा. वय २५ पूर्ण आणि परदेशी लीगमध्ये सहा हंगाम झाले असतील, तर ती मर्यादा लागू होत नाही. मात्र जपान-कोरियातला खेळाडू पोस्टिंगने, म्हणजे क्लबचा करार चालू असताना त्याच्या परवानगीने, येत असेल तर त्याच्या जुन्या क्लबलाही पैसे जातात: हमी रकमेच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने २०२५च्या जानेवारीत किम हे-सॉंगला तीन वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलर दिले, त्यावर २५ लाख वेगळे. दुसरा बेस आणि सेंटर फील्ड दोन्ही खेळणारा माणूस म्हणून तो सौदा पटतो, पण स्वस्त म्हणता येणार नाही.

खरा स्वस्त माल म्हणजे कोरियात जाऊन परतलेले अमेरिकन. त्यांच्यावर पोस्टिंगचा खर्च नसतो. माइक टॉकमन २०२२मध्ये कोरियातल्या हानव्हा ईगल्स संघाकडे खेळला, पुढच्या वर्षी शिकागोच्या कब्ज संघाने त्याला मायनर लीग (खालच्या लीगच्या) करारावर घेतलं आणि मे महिन्यात मेजर लीगच्या संघात आणलं. उरलेला हंगाम तो नियमित खेळला. गेममध्ये असेच टॉकमन शोधायचे.

शोधताना कोरियातले आकडे पाहून भुलू नका. लीगचा दर्जा वेगळा, त्यामुळे तिथली तीनशेची सरासरी (दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके) इथे तशीच उतरत नाही. स्काउटने, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याने, २० ते ८० च्या मापात दिलेले गुण वाचा, त्यातही आधी क्षेत्ररक्षणाच्या जागांचे, मग फलंदाजीचे. दुखापतीची प्रवृत्ती पाहायला विसरू नका. स्काउटिंगची अचूकता शंभर टक्के ठेवली की गेम पुचाट होतो. नॉर्मलवर ठेवा आणि चुका सोसा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ४० जणांच्या यादीत, ज्यातूनच मेजर लीगचे २६ निवडले जातात. मायनर लीग करारावरचा माणूस वर आणायचा तर त्याला या यादीत जागा लागते. यादी भरलेली असली की कुणाला तरी वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना घेता येईल अशा यादीत, टाकावं लागतं आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणून एखादी जागा मोकळी ठेवावी. खेळाडूचे ऑप्शन (वेव्हर्सशिवाय खाली पाठवण्याची मुभा) शिल्लक आहेत का हेही आधीच बघावं; ते संपले असतील तर त्याला सुखासुखी खाली पाठवता येत नाही. आणि होतकरू तरुणाला बेंचवर बसवू नका, न खेळता त्याची वाढ खुंटते. त्याने ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, रोज खेळावं, बेंचवर तिशीतला गडी बसावा.

डेप्थ चार्ट, म्हणजे कोणत्या जागेवर कोण खेळणार याचा तक्ता, हाताने भरायचा कंटाळा येतो, पण भरा. उजव्या आणि डाव्या पिचरविरुद्धचे संघ वेगळे लावता येतात, राखीव खेळाडू किती वेळा खेळवायचा तेही ठरवता येतं. दुसऱ्या कॅचरला दर पाचव्या सामन्यात उतरवलं नाही, तर पहिला ऑगस्टपर्यंत पार थकलेला असतो.

तक्रारी आहेतच. पडदे इतके, की हवा तो तक्ता दुसऱ्यांदा सापडेल याची खात्री नाही. जपान, कोरिया आणि इतर लीग एकदम चालू केल्या की जुना लॅपटॉप एक दिवस पुढे सरकवायला चहा होईपर्यंत वेळ घेतो. पर्फेक्ट टीम नावाचा पत्त्यांचा प्रकार खिशाला हात घालतो. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. मराठी सोडाच, हिंदीही नाही.

दरवर्षी नवी आवृत्ती येते. पहिल्यांदा घेणाऱ्याने सेलमध्ये मागच्या वर्षीची घ्यावी, बेंच भरायला ती पुरते. स्टीमवर पैसे परत मिळण्याची साधारण अट १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ अशी आहे. नवी लीग मांडण्यातच त्यातला बराच वेळ जातो, तेव्हा पसंत आहे की नाही याचा निकाल पहिल्याच बैठकीत लावा.