अंगठ्याचा सांधा जोडून घेतल्यानंतरचे आठ महिने

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा प्लेट आणि स्क्रू लावून कायमचा जोडून घेतला, त्याला आठ महिने झाले. शस्त्रक्रियेबद्दल मी समाधानी आहे. परंतु त्यानंतर सहा आठवडे घालण्यासाठी दिलेल्या, फक्त टाचेवर भार घेणाऱ्या बुटाबद्दलची माझी तक्रार अद्याप मिटलेली नाही.

दुखणे चार वर्षांचे होते. सुरुवातीला सर्वांनी ते युरिक ॲसिडचे ठरवले आणि रक्तातील प्रमाण दोनदा योग्य येऊनही मी वर्षभर डाळी वर्ज्य केल्या. सांध्यातील फट जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि वरच्या बाजूला हाड वाढले आहे, हे एक्स-रेमध्ये दिसले तेव्हा झिजेचे निदान झाले. वाढलेले हाड तेवढे तासावे, असा माझा आग्रह होता, कारण त्यात सांध्याची हालचाल टिकते. पण कूर्चा सगळीकडे झिजली असेल तर तासून आतली कळ थांबत नाही, हे डॉक्टरांनी समजावले. कार्टिवा या जेलसारख्या रोपणाचीही मी चौकशी केली होती. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ते रोपण उत्पादकांनी २०२४ मध्ये परत मागवल्याचे कळले आणि तो विषय संपला.

आता त्या बुटाविषयी. रुग्णालयाच्या दुकानात त्याचे १,८०० रुपये घेतले. तसाच बूट बाहेर १,१०० रुपयांना मिळत होता. त्याहून गंभीर बाब उंचीची आहे. आमच्या घरात पादत्राणे उंबऱ्याबाहेर राहतात, त्यामुळे उजव्या पायात तीन सेंटिमीटर जाड तळ आणि डावा पाय अनवाणी, असे मी दोन आठवडे वावरले आणि कंबर धरली. डाव्या पायातही तेवढ्याच उंचीचे काही घालावे, हे घरी सोडताना कोणीही सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने ते सांगितले आणि चार दिवसांत कंबर उतरली.

तिसऱ्या महिन्यात मला निर्णयाचा पश्चात्ताप होत होता. चवड्यावर बसता येत नाही, सूर्यनमस्कारात पाऊल नीट टेकत नाही, कोल्हापुरी चपलेचा अंगठा रुततो. हे सर्व आजही तसेच आहे. मत बदलले ते पाचव्या महिन्यात, पर्वतीच्या पायऱ्या उतरताना. ज्या पायरीवर पूर्वी कठडा धरून थांबावे लागे, ती केव्हा मागे पडली हे कळले नाही. याचे श्रेय मी अंगठा ज्या कोनात जोडला त्याला देते. शस्त्रक्रियेच्या वेळी तळव्याखाली सपाट पत्रा धरून, उभे राहिल्यावर अंगठ्याचे टोक जमिनीला जेमतेम टेकेल असा तो बसवला, असे डॉक्टरांनी सांगितले. टोकाचा छोटा सांधा पूर्वीसारखाच वळतो, आणि पुढून वर वळलेल्या कडक तळाच्या बुटात चार किलोमीटर चालूनही कळ येत नाही.

हाडे पूर्ण जुळली असून त्रास नसेल तर प्लेट काढण्याची गरज नाही, असे गेल्या आठवड्यात समजले. घरी सोडताना देतात त्या सूचनापत्रकात दुसऱ्या पायाच्या उंचीची एक ओळ छापावी, असे पत्र मी रुग्णालयाला दोनदा पाठवले आहे. तिसरे आज टपालात टाकले.