एमजीबीचा '३०४ स्टेनलेस' हेडर आणि फुकटचा रॅप

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी ऑनलाइन मागवलेला हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे जोडपाईप. जाहिरातीत '३०४ स्टेनलेस, थेट बसणार, २० बीएचपी जास्त', पैसे आगाऊ, माल परत नाही आणि वर एक्झॉस्ट रॅप (पाईपवर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी) फ्री. त्या फुकटच्या रॅपपाशीच थांबायला हवं होतं. पाईप गुंडाळूनच आले. पट्टी सोडली तर फ्लँजजवळचा (इंजिनला टेकणाऱ्या जाड प्लेटजवळचा) वेल्ड निम्म्याच घेराला. उरलेल्या फटीत सीलंट भरून वरून ग्राइंडर मारलेला.

व्हिडिओत विक्रेत्यानं लोहचुंबक लावून दाखवलं होतं, ते चिकटलं नाही. पण २०२ ग्रेडलाही ते चिकटत नाही! त्यात ३०४ पेक्षा निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त आणि लवकर गंजणारं. स्टेनलेसच्या भंगारवाल्याकडे टेस्टिंगचं लिक्विड असतं. थेंब टाकून बॅटरी लावली की २०० सिरीज लाल होते. हा लगेच लाल झाला.

खरा घोळ फ्लँजचा. १७९८ सीसीच्या या बी-सिरीज इंजिनच्या हेडवर (वरच्या भागावर) हवा आत नेणारा इनटेक आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट एकाच बाजूला. काही स्टड (हेडमध्ये रोवलेले बोल्ट) दोघांत सामाईक. जाड वॉशरची एक कड इनटेकवर, दुसरी एक्झॉस्टवर टेकते. म्हणजे दोन्ही फ्लँजची जाडी सारखीच हवी. व्हर्नियर लावला तर हेडरची २ मिमी कमी. वॉशर तिरका बसतो, सगळा दाब इनटेकवर जातो, एक्झॉस्ट सैल राहतो. थंड इंजिनवर या गळतीची टिकटिक येते आणि मेकॅनिक ती व्हॉल्व्हची समजून टॅपेट आवळत बसतो. नट जास्त ताणला की स्टड हेडमध्येच तुटतो. हे नट २० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे, आणि इंजिन एकदा तापून गार झालं की पुन्हा तपासायचे.

नुसती जाडी कमी असती, तर टर्नरकडून २ मिमीची पायरी काढलेले वॉशर करून भागलं असतं. अर्धवट वेल्डला इलाज नाही.

पैसे देण्याआधी रॅपशिवायचे फोटो मागा: फ्लँजवर व्हर्नियर लावलेला एक, पोर्टच्या आतून वेल्डचा एक. टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. माल आला की फ्लँज जाड काचेवर उपडा ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, ०.१५ मिमीची पाती आत गेली तर फ्लँज वाकलेला आहे.

आणि २० बीएचपी? मूळच्या ९५ बीएचपीवर नुसत्या हेडरनं एवढी वाढ होतच नाही. हेडरच्या जागी असलेला कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड मुळातच चांगला आहे, तो भंगारात देऊ नका. या गाडीवर शेवटी तोच परत चढवला.