पीठ त्यांचं, मशीन त्यांचं, बुडाले ते माझे १,४७,२००

पापड मशीनच्या धंद्यात मी फसले. आकडा आधी सांगते, कारण गावात कोणी दोन लाख म्हणतंय, कोणी पाच. रजिस्ट्रेशनचे ५,१०० रोख. पापडाचं मशीन १,१८,०००, एनईएफटीने. 'फाईल चार्ज' ६,५००, फोनपेवर. कच्च्या मालाची अनामत २०,०००. एकूण १,४९,६००. परत आले २,४००. यातले ७०,००० गंठण गहाण ठेवून उभे केले, ५०,००० बचत गटाकडून महिन्याला शेकडा दोनने घेतले आणि राहिलेले २९,६०० सोयाबीनचे. हमीभाव ४,८९२ असताना चार हजारांच्या आसपास विकलेलं सोयाबीन होतं ते.

मशीन आमच्याकडून घ्या, पीठ आम्ही देतो, तयार माल आम्हीच उचलतो. हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पेपरात वाचलं होतं. पण मला कोणी हावरट म्हणू नये. लेकीच्या नर्सिंगची फी भरायची होती, आणि पापड ही मला येणारी गोष्ट आहे. वीस वर्षं दर उन्हाळ्यात गल्लीतल्या निम्म्या घरांचे पापड मी केलेत.

डिसेंबर २०२४ मध्ये लातूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये या कंपनीनं डेमो ठेवला होता. साठेक बायका होत्या. कोट घातलेल्या माणसानं लिज्जतची गोष्ट सांगितली: १९५९ साल, मुंबईचं गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. गोष्ट खरीच आहे. पण त्यानं पुढचं गाळलं. तिथल्या बहिणी तयार पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि लाटणावळ घेतात. त्यांच्या गळ्यात कोणी लाखाचं मशीन मारत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट तर माझ्या हातात होती. डेमोला परातीत पीठ मळून ठेवलं होतं. मी सवयीनं त्याची लाटी तोडली. उडदाची लाटी ओढली की ताणत येते, पटकन तुटत नाही. ही तटकन तुटली. जिभेवर ठेवली तर चिकटपणा नाही, नुसता पिठूळपणा आणि खार. त्यांनी भाजून दिलेला पापड कडेनं लाल पडला होता. पापडखार जास्त झाला की असंच होतं, हे आमच्याकडं नवीन सुनेलाही कळतं. मी जाऊबाईच्या कानात म्हटलं, "हे उडदाचं न्हाई गं, तांदूळ हाय यात." त्या माणसानं ते ऐकलं आणि हसून म्हणाला, "ताई, हे प्रीमिक्स आहे. मशीनचं पीठ घरच्यासारखं नसतं." आणि मी गप्प बसले. वीस वर्षांचा हात माझा, जीभ माझी, आणि कोटातल्या माणसाच्या एका शब्दापुढं मी दोन्ही खोटे ठरवले. रात्री झोप येत नाही ती पैशापायी नाही, त्या लाटीपायी.

करार ५०० च्या बाँडवर झाला. 'माल कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार स्वीकारला जाईल' असं एक वाक्य त्यात होतं. निकष कुठेच लिहिलेले नव्हते. वाद झाला तर न्यायालय दुसऱ्या जिल्ह्यातलं. सही करण्याआधी ही दोन वाक्यं शोधा, बाकीची चार पानं नंतर वाचा.

फेब्रुवारीत पहिला माल गेला, ४० किलो. किलोला ६० रुपये मजुरीप्रमाणे २,४०० दोन दिवसांत खात्यावर. त्या २,४०० च्या भरवशावर मी स्वतः आणखी दोघींना त्यांच्याकडं पाठवलं. त्यांच्या दारावरून जाताना अजून मान वर होत नाही. मार्चमध्ये ८५ किलो पाठवले, तर 'ओलावा जास्त, रिजेक्ट'. मराठवाड्यातलं मार्चचं ऊन, माळवदावर दोन दिवस वाळवलेला पापड, त्यात ओलावा कुठून येणार? पीठ त्यांनीच पाठवलेलं, मशीन त्यांचंच, आणि दोष तेवढा माझा. एप्रिलपासून फोन बंद. तसंच मशीन दुसरीकडं ४६,००० ला मिळतं, हे नंतर कळलं.

फाईल चार्ज घेतला होता सबसिडी आणि अन्न परवान्यासाठी. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना खरी आहे, २०२० मध्ये सुरू झाली, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. आधी मशीन घेतलं आणि मग सबसिडी आली, असं होत नाही. फाईल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचा मोबदला सरकार देतं, आपण एक रुपया द्यायचा नसतो. छोट्या धंद्याच्या अन्न नोंदणीची सरकारी फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. त्यांच्या पाकिटावरचा अन्न परवान्याचा (FSSAI) नंबर लेकीनं मोजला तर तेरा आकडी. तो चौदा आकडी असतो. घरात जे पाकीट असेल त्यावर आजच मोजून बघा.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "करार झालाय ना? मग ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." तिसऱ्या वेळी म्हणाले, कंपनी दुसऱ्या जिल्ह्यातली, तिकडं तक्रार द्या. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. हे मी वाचून गेले होते. तसं म्हटलं तर "वकील झालात का मावशी?" साध्या कागदावर पोहोच मागितली, तीही दिली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे जाऊन तीन महिने झालेले. पैसे गेल्या गेल्या, तासाभरात केला तरच त्याचा खरा उपयोग. परवान्याचं बघणाऱ्या कार्यालयात सांगितलं, "नंबरच खोटा, म्हणजे ते आमचे परवानाधारक नाहीत, आम्ही काय करणार?" खोटा नंबर छापून खायचा माल विकणाऱ्याला धरायचं नाही, तर मग कोणाला? योजनेच्या कार्यालयात म्हणाले, आमच्याकडं अर्जच आला नाही. ग्राहक आयोगाच्या बाहेरचा लिहिणारा म्हणाला, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. साफ खोटं. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय, आणि ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. नऊ खेपा झाल्या. दर खेपेला एसटीचं भाडं आणि एक रोज बुडाला. ज्यानं लुटलं तो हॉल भाड्यानं घेऊन दिवसाढवळ्या लुटतो, आणि लुटलेल्या बाईनं मात्र दारोदार सिद्ध करत फिरायचं की ती मूर्ख नाही.

तक्रार आता स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवली आहे, पोहोचपावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगातही अर्ज दिलाय. आमच्या भागातल्या चौघींचे कागद एकत्र केलेत, कारण एकटीला 'दिवाणी' म्हणून हाकलता येतं. ज्या कोणाकडं अशीच पापड मशीनची पावती असेल, त्यांनी लाजून घरात बसू नका. पावती, बाँडची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट घ्या आणि आपल्या अधीक्षकांकडं तारखेसह लेखी द्या. आणि त्यांनी पाठवलेलं पीठ शिल्लक असेल तर फेकू नका. मी तीन किलो डब्यात बंद करून ठेवलंय.