येळ्ळूर-शहापूर शिवाराचा गावठी मसूर: आमटीसाठी घ्यायचा की नाही

थेट सांगते, बेळगावात राहून रोजच्या आमटीला पाकिटातला मसूर वापरत असाल तर एकदा तरी इथल्या शिवारातला गावठी मसूर आणून बघा. मी दरवर्षी सुगी झाली की वर्षाचा घेऊन ठेवते, आणि यंदा मुद्दाम दोन्ही मसूर एकाच वेळी दोन भांड्यांत शिजवून बघितले, पाणी तेच, मीठ तेच, चटणी म्हणजे लाल तिखट तेच, कारण ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच की अहो एवढे जादा पैसे देऊन फरक काय पडतो, मसूर तो मसूरच की. फरक पडतो. भरपूर पडतो.

आधी माल कुठला ते. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव ह्या पट्ट्यातली जमीन काळी, पावसाळ्यात तिथं भात असतं, येळ्ळूरचा बासमती सगळ्यांना माहीतच आहे, आणि भात कापून झालं की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. मसुराला वरून पाणी द्यावं लागत नाही, जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर तो येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रास होते. दाणा बारीक असतो तो त्यामुळंच असं तिथले शेतकरी सांगतात. ह्या शिवाराची परिस्थिती काय झालीय हे बेळगावकरांना सांगायला नको, पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात घुसतंय, हलगा-मच्छे बायपास ह्याच सुपीक जमिनीतून आखलाय आणि शेतकरी त्यासाठी रस्त्यावर आणि कोर्टात दोन्हीकडं भांडत आलेत. म्हणून हा मसूर मिळतोय तोवर घ्यावा, पिकवणाऱ्याच्या हातात थेट पैसे जावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता दाणा. तळहातावर घेऊन बघा, पाकिटातला मसूर सगळा एका मापाचा, तांबूस, गुळगुळीत असतो. गावठी बारीक, जरा फुगीर, रंग करडा-तपकिरी, काही दाण्यांवर काळे बारीक ठिपके, आणि ओंजळीत घेऊन हुंगला तर मातीचा कोरडा वास येतो. दाताखाली एक दाणा फोडला तर आत भडक केशरी दिसतो. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण मसूर जुना होईल तशी साल काळपट पडत जाते, आणि बाजारात एका दुकानात मला गावठी म्हणून जो दाखवला तो मागच्या का त्याच्याही मागच्या सालचा होता, नुसती साल बघूनच कळलं. यंदाचा माल असेल तर साल फिकट आणि जिवंत दिसते.

घ्यायचा कुठं? सगळ्यात चांगलं म्हणजे शेतकऱ्याच्या घरून. मार्चनंतर शहापूर-वडगावकडं कुणाकडंही चौकशी केली तर पत्ता लागतोच, आणि कधीकधी बायका बुट्टी घेऊन बाजाराच्या कडेला बसलेल्या असतात. मी जिच्याकडनं घेते तिनं पहिल्याच वेळी सांगितलं, "अक्का, खडा असतोय हं, निवडून घ्या, मग मला बोलू नका." असं आधीच सांगणाऱ्या माणसाकडनं घ्यायला बरं वाटतं. ती मापानं देते, वर एक मूठ जादा टाकते. रविवार पेठेत पण मिळतो, होलसेलचा बाजार असल्यामुळं भाव तिथं जरा बरा पडतो, पण तिथं विचारूनच घ्यायचा, कुठला, यंदाचा का, आणि हातात घेऊन बघू देत नसतील तर पुढच्या दुकानात जायचं. पाकिटापेक्षा किलोमागं थोडे पैसे जास्त लागतात. एका किलोत आमच्या चार माणसांच्या घरात आमटी किती वेळा होते बघितलं तर हे पैसे काहीच नाहीत.

तक्रार एकच आणि ती खरी आहे. निवडायला वेळ लागतो. खडे असतातच पण त्याहून त्रास मातीच्या गोळ्यांचा, काळ्या मातीचे बारीक गोळे अगदी मसुराच्याच आकाराचे आणि रंगाचे असतात, ताटात पसरून चष्मा लावून बघितलं तरी एखाददुसरा सुटतोच. ह्याला उपाय म्हणजे रोळून घेणे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, मसूर टाकून हातानं गोल फिरवायचं आणि दाणे पाण्याबरोबर वर आले की दुसऱ्या भांड्यात ओतायचे, परत पाणी, परत फिरवायचं, असं करत शेवटी तळाला खडे राहतात ते टाकून द्यायचे. मातीचे गोळे पाण्यात विरघळतात, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. ज्यांना हे जमणार नाही, सकाळी सातला डबा करून बाहेर पडायचं आहे, त्यांनी सुट्टीदिवशी एकदम रोळून कडकडीत उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवावा, मग रोज काही करायला नको.

आता शिजवणं, कारण खरी परीक्षा तिथंच.

मसूर भिजवायला लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. ऐनवेळी पाहुणे आले, घरात भाजी नाही, तरी मसुराची आमटी होते. वेळ असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. एक वाटी मसुराला पाच वाट्या पाणी, कुकरला दोन शिट्ट्या आणि मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. गावठी मसूर एवढ्यात लोण्यासारखा मऊ होतो आणि तरी दाणा अख्खा राहतो, साल सुटून वर तरंगत नाही. पाकिटातल्याचं मी बघितलं ते असं की काही दाणे फुटून पीठ झालेले आणि काही अजून मधे कचकचीत, कारण त्यात जुना-नवा माल मिसळलेला असतो बहुतेक. आपल्याकडं मसूर जास्त पिकतो तो मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात, आणि बाहेरून कॅनडा, ऑस्ट्रेलियाहून पण येतो, इतक्या लांबून येऊन गोदामात पडून मग पाकिटात गेलेला दाणा आणि मागच्या महिन्यात रास झालेला दाणा एकसारखे शिजणार कसे.

पाण्याचा विषय इथं सांगायलाच पाहिजे. बेळगावात ज्यांच्याकडं राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचं नळाचं पाणी येतं त्यांना कडधान्य शिजायची अडचण कमी येते, पण ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे त्यांचा मसूर लवकर मऊ होत नाही, आणि मग दोष मसुराला लागतो. जड पाण्यातला कॅल्शियम दाण्याच्या आतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा घट्ट ठेवणाऱ्या घटकाला, धरून बसतो आणि दाणा सुटत नाही. शिजवण्यापुरतं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, एवढंच. आंबटाचं पण तसंच, चिंच, आमसूल, टोमॅटो काहीही मसूर पूर्ण शिजल्याशिवाय घालायचं नाही, आंबट पडलं की दाणा आहे तिथंच थांबतो. मीठ मात्र आधी घातलं तरी चालतं, त्याबद्दल उगाच भीती आहे लोकांत.

माझी आमटी अगदी साधी असते आणि ह्या मसुराला ती तशीच शोभते. एक कांदा गॅसवर थेट जाळावर भाजायचा, वरची साल काळी झाली पाहिजे आणि आतून पाणी सुटलं पाहिजे, चिमूटभर सुकं खोबरं भाजायचं, आठ-दहा लसूण पाकळ्या, थोडी कोथिंबीर, सगळं वाटून घ्यायचं, शक्यतो पाट्यावर, नसेल तर मिक्सरला पण पाणी कमी घालून. पातेल्यात दोन पळ्या घाण्याचं शेंगतेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि मग वाटण. वाटणाला तेल सुटेपर्यंत परतायचं, इथं घाई करायची नाही, कच्च्या कांद्याचा उग्र वास गेला की समजायचं. मग हळद आणि चटणी, म्हणजे आपली डंकावर कुटून आणलेली, ब्याडगी आणि संकेश्वरी एकत्र केलेली. ब्याडगीनं रंग येतो आणि ती फार तिखट नसते, संकेश्वरीनं झणका येतो. नुसती ब्याडगी घातली तर आमटी दिसते लाल पण जिभेला काही लागत नाही, आणि नुसती संकेश्वरी घातली तर घरातली लहान पोरं जेवत नाहीत. मी दोन भाग ब्याडगी एक भाग संकेश्वरी असं कुटून घेते. चटणी तेलात जळू द्यायची नाही, लगेच शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट ओतायचा, मीठ, उकळी, शेवटी आमसूल नाहीतर चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ.

इथं गावठी मसुराचा खरा गुण कळतो. पाच-सात मिनिटं उकळल्यावर आमटी आपोआप मिळून येते, दाणे घोटावे लागत नाहीत, बेसन किंवा दाण्याचं कूट लावावं लागत नाही, आणि रस्सा पळीला धरून राहतो. पाकिटातल्या मसुराच्या आमटीत रस्सा वेगळा आणि दाणे तळाला वेगळे, भातावर घेतलं की पाणी ताटभर पसरतं. चवीत पण, गावठीला स्वतःची एक गोडसर, मातकट चव आहे, म्हणून त्यात गरम मसाला घालू नका. दालचिनी-लवंगानं ती चव मरते. बऱ्याच जणी हौसेनं सगळे मसाले घालतात आणि मग म्हणतात काही फरक वाटला नाही, तर बाई मसाल्याचीच चव लागणार की मग.

शेजारच्या कानडी काकूंना वाटीभर दिली होती, त्या मसूर क्वचितच करतात, तुरीवरच त्यांचं सगळं. त्यांनी त्यात मूठभर मेथीची पानं घालून सारू करून दिला, आंबट-तिखट, पातळ, आणि तो भातावर इतका छान लागला की आता मी पण अधूनमधून तसं करते. मेथी घालायची ती मसूर शिजल्यावर आणि फोडणीत परतून, कडवटपणा राहत नाही.

कशासाठी घेऊ नये ते पण सांगते. हायवेवरच्या धाब्यांसारखा अख्खा मसूर करायचा असेल, तो इस्लामपूर-कोल्हापूरकडं मिळतो तसला, भरपूर तेल, टोमॅटो, मसाला आणि वर रोटी, तर त्याला जरा मोठा दाणा चांगला, बारीक गावठी त्यात हरवून जातो आणि पैसे वाया. मोड आणायला पण गावठी बरा आहे, पण मोड आलेल्याची उसळ वेगळी, त्यात आमटीसारखा घट्टपणा येत नाही. आणि नुसती केशरी डाळ पाहिजे असेल तर गावठीची डाळ सहसा कुणी करून विकत नाही, ती दुकानातलीच घ्यावी, फक्त फार चकचकीत दिसणारी पॉलिश केलेली नको.

पोटाच्या दृष्टीनं म्हणाल तर कोरड्या मसुरात शंभर ग्रॅमला साधारण २२ ते २५ ग्रॅम प्रोटीन असतं, लोह पण चांगलं असतं, आणि आमसूल-चिंचेबरोबर लिंबू पिळून खाल्लं तर ते लोह अंगाला लागायला मदत होते. मधुमेह असलेल्या माझ्या सासूबाईंना भात कमी आणि आमटी जास्त असं वाढते, सोबत जोंधळ्याची भाकरी, आणि त्यांना ती भाकरी आमटीत कुस्करून खायला आवडते. कच्चा कांदा बुक्कीनं फोडून बाजूला, बास, दुसरं काही लागत नाही.

ठेवण्याबद्दल शेवटचं. ह्या मसुराला पाकिटवाल्यासारखी काही प्रक्रिया केलेली नसते त्यामुळं नीट ठेवला नाही तर जुलै-ऑगस्टात भुंगे लागतात, आपल्याकडचा पावसाळा दमट, त्यात काही टिकत नाही. घेतल्या घेतल्या चार दिवस चांगलं ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या किंवा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, गरम असताना भरला तर आत घाम धरतो. मधे मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला. तुरीच्या डाळीला लावतो तसं एरंडेल ह्याला लावू नका, साल तेलकट होऊन आमटीला वास येतो. महिन्याला लागेल तेवढाच मोठ्या डब्यातून काढायचा आणि ओला हात घालायचा नाही. यंदाचा घ्यायचा असेल तर एप्रिल संपायच्या आत घ्या, पुढं मिळतो पण भाव चढतो आणि गावठी म्हणून काय देतील ह्याचा भरवसा नसतो.