मेलबर्नला फॅमिलीसोबत एकच दिवस मॅचसाठी असेल तर: बॉक्सिंग डे टेस्ट की ऑस्ट्रेलियन ओपन?

डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियाला निघालेले ओळखीचे लोक हल्ली हमखास विचारतात की मेलबर्नमध्ये एक दिवस स्टेडियमसाठी काढलाय, तर क्रिकेट बघू का टेनिस. आम्ही एकाच ट्रिपमध्ये दोन्ही केलं, 26 डिसेंबर 2024 ला, म्हणजे बॉक्सिंग डेला, एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) इंडिया-ऑस्ट्रेलिया टेस्टचा पहिला दिवस आणि मग 14 जानेवारीला ऑस्ट्रेलियन ओपनचा ग्राउंड पास, म्हणजे बाहेरच्या कोर्टांवर फिरून मॅच बघायचं तिकीट. सोबत माझे आई-बाबा (बाबा 72 चे, गुडघे कुरकुरतात), नवरा, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा, म्हणजे सगळ्या वयाचे नमुने एकाच गाडीत. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगते, क्रिकेट आवडतं का टेनिस हे नंतर बघा, आधी घरात कोणाला दिवसभर बसवतं आणि कोणाला दिवसभर चालवतं ते बघा. तिकीट त्यावरून ठरवा.

टेस्ट म्हणजे बसणं. सकाळी साडेदहाला सुरू, 90 ओव्हर, मध्ये लंच 40 मिनिटं आणि टी 20 मिनिटं, संपेपर्यंत संध्याकाळ. आपली एक सीट, आपला एक कोपरा, पिशव्या पायाशी ठेवायच्या आणि दिवस तिथेच काढायचा. बाबांना हे फारच मानवलं. आणि बाबांसाठी ते नुसतं ग्राउंड नाहीच हो, मेलबर्नचे साडेदहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे पाच, आयुष्यभर हा माणूस थंडीत शाल गुंडाळून, आवाज बारीक करून ही मॅच बघत आलाय. 1985 ला शास्त्रीला ऑडी मिळाली आणि अख्खी टीम तिच्यावर चढून फिरली ते याच ग्राउंडवर, सचिनचे 1999 चे 116 इथलेच, आणि अ‍ॅडलेडला 36 ऑलआउट झाल्यावर पुढच्याच मॅचला आपल्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्यने 112 मारले तेही इथेच. काँक्रीटच्या बोळातून बाहेर आलो आणि समोर एकदम ते हिरवंगार मैदान, बाबा जिन्याच्या कठड्याला धरून तिथेच थांबले, मागे लोक खोळंबले तरी हलेनात. कोणी काही बोललं नाही, सगळे थांबले त्यांच्यासाठी. मला अजून ते आठवलं की भरून येतं.

पण मुलांचं वेगळं. ग्राउंड लाखभर माणसांचं, एवढ्या लांबून चार वर्षांच्या पोराला बॉल दिसतच नाही, तो मोठ्या स्क्रीनकडेच बघत होता. लंचनंतर कंटाळला, मग माझ्या मांडीवर झोपला. लेकीला ऑस्ट्रेलियाच्या कॉन्स्टासने मजा आणली, 19 वर्षांचा मुलगा, पहिलीच टेस्ट आणि बुमराहला उलटे फटके मारतोय, 60 केले त्याने, त्यानंतर मात्र तिचं लक्ष ढोल वाजवणाऱ्या आपल्या लोकांकडेच जास्त. एक मोठी सोय म्हणजे इथे आवाजाचं बंधन नाही. पोर रडलं, कोणी हाक मारली, मधेच उठून टॉयलेटला नेलं, कोणाला काही वाटत नाही, ओव्हर संपली की उठायचं आणि परत यायचं, सीट आपलीच असते.

सीटवरून आठवलं, हे नीट वाचा कारण आमचं इथेच चुकलं. तिकडे सूर्य दुपारी उत्तरेला असतो, आपल्या उलट. म्हणजे दक्षिणेकडच्या शेन वॉर्न स्टँडमध्ये खाली पुढच्या रांगांत बसलात तर दुपारी ऊन सरळ तोंडावर येतं, आणि त्यांचं ऊन आपल्या उन्हासारखं नाही, घाम कमी येतो पण कातडी भाजते. लेकीच्या मानेवर लंचपर्यंत लाल पट्टा उमटला होता, एक बोट रुंद, टोपी आणि कॉलरच्या मधे जिथे सनस्क्रीन लावायचं राहून गेलं तिथेच. त्यामुळे खालच्या मजल्यावर घेणार असाल तर मागच्या रांगा घ्या, वरच्या मजल्याची सावली मिळते. आईबाबांसोबत असाल तर दोन पैसे जास्त गेले तरी हेच करा.

टेनिस म्हणजे फिरणं. ग्राउंड पासवर मुख्य कोर्टाची, म्हणजे रॉड लेव्हर अरीनाची सीट मिळत नाही, ते तिकीट वेगळं आणि महाग. पण बाहेरच्या कोर्टांवर तुम्ही खेळाडूपासून चार-पाच पावलांवर असता, बूट घासल्याचा आवाज येतो, सर्व्हिस करताना तो किती जोरात श्वास सोडतो ते ऐकू येतं. हे टीव्हीवर कळत नाही. आमची लेक डबल्सच्या एका मॅचला कुंपणाला नाक लावून बसली होती, दोघे पार्टनर प्रत्येक पॉइंटनंतर तोंडावर बॉल धरून काय कुजबुजतात हेच तिला बघायचं होतं, तास-सव्वा तास हलली नाही, जी मुलगी क्रिकेटला दर दहा मिनिटांनी 'आई आता काय' करत होती. मग प्रॅक्टिस कोर्टांवर गेलो, तिथे मोठे खेळाडूही सराव करताना दिसतात, भल्यामोठ्या टेनिस बॉलवर सही घ्यायला पोरं उभी असतात. लहानग्यासाठी खेळायची जागा वेगळी आहे, तिथे तो रमला. बाबांनी आपल्या रोहन बोपण्णाबद्दल विचारलं, 2024 ला याच स्पर्धेत त्याने 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या एब्डनसोबत डबल्स जिंकली होती, ते सांगितल्यावर म्हणाले मग माझ्या गुडघ्यांना अजून आशा आहे.

तरी दुपारी तीनपर्यंत बाबा थकलेच. बाहेरच्या कोर्टांवर बऱ्याच ठिकाणी पाठ नसलेले बाक, एका कोर्टावरून दुसऱ्यावर चालायचं, आणि चांगल्या मॅचला कोर्ट भरलं की बाहेर लाइन. एकदा पोराला टॉयलेटला घेऊन उठलात की ती जागा गेली, आणि आत शिरायलाही गेम संपेपर्यंत थांबवतात. पॉइंट चालू असताना शांतता पाळावी लागते, चार वर्षांच्या मुलासोबत हे अवघडच आहे, दोन वेळा मी त्याला घेऊन बाहेर आले. शेवटी आई-बाबांना गार्डन स्क्वेअरच्या हिरवळीवर मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं, तिथे ते खूश होते, पण मग तिकीट काढून स्क्रीनच बघायची तर त्यांच्यासाठी तो दिवस वायाच ना थोडा.

हवेचं म्हणाल तर दोन्हीकडे धोका आहे. एमसीजीला छप्पर नाही, पाऊस आला की वाट बघत बसा. टेनिसला तीन मोठ्या अरीनांना सरकतं छप्पर आहे, ग्राउंड पासवाल्या बाहेरच्या कोर्टांना नाही, पाऊस आला की खेळ बंद, आणि उष्णता फार वाढली तरी बंद, त्यासाठी त्यांनी 1 ते 5 असं माप ठेवलंय. आणि मेलबर्नची हवा एका दिवसात तीनदा पालटते, स्वेटर आणि टोपी दोन्ही एकाच बॅगेत ठेवा.

कुठला दिवस घ्यायचा हा मोठा प्रश्न. टेस्टला पहिला दिवस घ्या असं मी म्हणेन, गर्दी आणि माहोल त्या दिवशी वेगळाच असतो, शिवाय पुढच्या दिवसांचा भरवसा नाही, 2025 ची अ‍ॅशेसमधली (ऑस्ट्रेलिया-इंग्लंड) बॉक्सिंग डे टेस्ट दोन दिवसांत आटोपली. पण पहिल्या दिवशी आपली बॅटिंग बघायला मिळेलच असं नाही, आम्हाला नाही मिळाली. तिसऱ्या दिवशी नितीश रेड्डी 99 वर, शेवटचा गडी सिराज कमिन्सचे तीन बॉल खेळून काढतोय आणि मग चौकार मारून शंभर, प्रेक्षकांत त्याचे वडील रडतायत, हे सगळं आम्ही ताईच्या घरी टीव्हीवर बघितलं, ग्राउंडपासून तासाभरावर असून. त्या टेस्टला पाच दिवसांत 3,73,691 लोक आले होते. आणि हो, इंडिया दर डिसेंबरला तिथे नसते, 2018, 2020, 2024 ला होती, आधी शेड्यूल बघा.

टेनिसला पहिले तीन-चार दिवसच घ्या. पुरुष आणि महिला मिळून पहिल्या फेरीच्या सिंगल्सच्याच 128 मॅचेस असतात, त्यामुळे बाहेरची कोर्टं दिवसभर चालू. दुसऱ्या आठवड्यात सिंगल्स मोठ्या अरीनांत जातात आणि बाहेर ज्युनिअर, डबल्स वगैरे उरतं. अडचण शाळेची आहे, नाताळची सुट्टी संपलेली असते, टेनिससाठी मुलांची शाळा बुडतेच. क्रिकेट सुट्टीत बसतं.

खाणं दोन्हीकडे घरून नेता येतं, काचेची बाटली सोडून. आम्ही ताईकडून पोळीचे रोल आणि दही-भात नेला. इकडून लाडू-चिवडा नेणार असाल तर एअरपोर्टवर डिक्लेअर करा, लपवायला जाऊ नका. दोन्ही ठिकाणं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, यारा नदीच्या कडेने छान रस्ता आहे. चालवत नसेल तर रिचमंड स्टेशनला उतरा. क्रिकेटचं तिकीट टिकेटेकवर आणि टेनिसचं टिकेटमास्टरवर घ्या, बरेच महिने आधी. माझ्या नवऱ्याने क्रिकेटची दोन तिकिटं उशिरा एका रीसेल साइटवरून घेतली, मूळ किमतीच्या जवळजवळ तिप्पट पैसे गेले आणि सीट बाकीच्यांपासून लांब, अख्खा दिवस तो आणि आई वेगळ्या ब्लॉकमध्ये.

तर आई-बाबा सोबत असतील, आणि इंडिया खेळत असेल, तर डोळे मिटून बॉक्सिंग डे. आठ ते पंधरा वर्षांची मुलं आणि चालते-फिरते आई-वडील एवढेच असाल तर ग्राउंड पास, त्यात शंका नाही. अगदी लहान बाळ असेल तर मी तरी टेनिसला जाणार नाही. पुढच्या वेळी सासू-सासऱ्यांना न्यायचंय, सासूबाई फेडररच्या काळापासून टेनिस बघतात पण त्यांना चालवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आत्तापासून पैसे बाजूला टाकतोय, रॉड लेव्हरच्या आतली सीट, दिवसाचं सेशन, पाठ असलेली खुर्ची.