तंबू चौघांचा, पण घ्या तिघांसाठी
शनिवारी दुपारी कडक ऊन, रात्री अकराला वाऱ्यासकट धो-धो पाऊस. आम्ही चौघं आत, पाठपिशव्या मात्र पायांवर. ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब सोसणाऱ्या) कापडातून थेंबही आला नाही, शिवणीवरची पट्टी कुठे सुटली नाही. तरी पहाटे माझ्या स्लीपिंग बॅगचं टोक ओलं! छत गळतंय असंच वाटलं. हात फिरवला तेव्हा कळलं, आमच्याच श्वासांची वाफ गार कापडावर जमून टपकत होती. थंडी वाजते म्हणून वरच्या झडपा बंद केल्या होत्या. दुसऱ्या रात्री पाऊस असूनही त्या उघड्या ठेवल्या, सगळं कोरडं राहिलं. खुंट्या मात्र तकलादू, दोन वाकल्या. जाड खुंट्या वेगळ्या घ्याच. आणि ओला गुंडाळून आणलात तर घरी पोचल्याबरोबर पसरा, बुरशी फार लवकर धरते.